झाडाचं पाणी

लेस्टर
रविवार, ७ डिसेंबर १९८६, सकाळचे दहा वाजून पाच मिनिटे

दादा,

आत्ता मागच्या अंगणात झाडाच्या बुडाची चकती कापली, झाड आत आणून पाण्यात उभं केलं आणि हात धुऊन लिहायला बसलो आहे. करवत शेजाऱ्यांकडून मागून आणली होती, ती पुसून परत केली. चकती एक इंच जाडीची हवी होती, तेवढीच निघाली. पट्टीने मोजली.

फोनवर मी नुसतं हो हो म्हणतो आणि निम्मं विसरतो, म्हणून दर रविवारी आईची खबर आणि खर्च लिहून कळवायचा असं तू बजावलंस. हे पहिलं पत्र. मराठी लिहून आठ वर्षं झाली, ती कराडला सातवीत होतो तेव्हाची. शब्द दोनदा तपासतो आहे, तरी चुकलं तर सांग.

झाडाचं सांगतो. उल्काने अट घातली आहे की आजीकडे नाताळचं खरं झाड असेल तरच येणार, प्लॅस्टिकचं चालणार नाही. आणि तू पंचवीस तारखेला सुप्रभावहिनींना आणि तिला घेऊन यायचं कबूल केलंस. गेल्या दोन्ही दिवाळ्यांना तुम्हाला पिनरहून निघणं जमलं नाही, त्यामुळे आईने ते तोंडाने म्हटलं नाही तरी ती बोटांवर दिवस मोजते आहे. मला म्हणाली, "झाड वाळलं तर माझी नात दारातून परत जाईल. मग तू आहेस आणि मी आहे."

काल शनिवारी तिला डायलिसिसच्या मशीनवर बसवल्यावर मला चार तास मोकळे होते. मेल्टन रोडवर पेट्रोल पंपामागे मिस्टर पेग झाडं विकतात. मी अकरा झाडं बघितली. ते वैतागले असावेत, पण त्यांनी शिकवलं. फांदी चिमटीत धरून टोकाकडे ओढायची, सुया हातात आल्या तर झाड जुनं. बुंधा जमिनीवर दोनदा आपटायचा, खाली हिरवा सडा पडला तर नको. कापलेल्या जागी बोट लावायचं, चिकट लागलं पाहिजे. मी पाच फुटांचं नॉर्वे स्प्रूस घेतलं. ते म्हणाले, "लवकर घेतोयस, मि डक. पंचवीसला एकोणीस दिवस आहेत." इथे सगळ्यांना डकच म्हणतात. मी म्हटलं, नंतर संपली तर? ते हसले. म्हणाले, "मग एक लक्षात ठेव. घरी नेल्यावर बुडाची चकती काप आणि लगेच पाण्यात उभं कर. कापलेल्या जागेवर चीक वाळला की तोंड बंद होतं, मग कितीही ओत. एक दिवस जरी पाणी तुटलं तरी संपलं. पितंय तोवर सुया धरून ठेवेल. सुया गळायला लागल्या तर समज, पिणं थांबलंय."

बसच्या ड्रायव्हरने झाड घेऊ दिलं नाही. खांद्यावर घेऊन घरी आणून टाकलं आणि परत आईला घ्यायला हॉस्पिटलला गेलो. चकती कापायला सकाळ झाली म्हणून रात्रभर झाड बादलीत ठेवलं होतं.

आईचं पाणी दिवसाला पाचशे मिली, तू आणि डॉक्टरांनी ठरवल्याप्रमाणे. काचेचा जग आहे, त्यावर रेघा आहेत. सकाळचा चहा शंभर, दुपारचा शंभर, गोळ्यांबरोबर साठ, आमटीचं पाणी दीडशे धरतो, उरलेलं घोटाघोटाने. सगळं वहीत लिहितो. बाकीच्या नळांचं मी काय करणार, असं तू विचारलं होतंस. आंघोळीला मी बादली भरून देतो आणि दाराबाहेर उभा राहतो. चूळ भरते तेव्हा थुंकल्याचा आवाज ऐकतो. ती चिडते. पण तूच म्हणालास की तीन घोट जास्त झाले तर ते फुप्फुसात जातात.

एक गोष्ट तुला विचारायची होती, पण आता होऊन गेली आहे. झाड पुढच्या खोलीत उभं केलं तेव्हा आई म्हणाली, "ह्याला पाणी मी घालणार." इथल्या थंडीत तिच्या तीन तुळशी खिडकीत मेल्या. चौथी तिने लावली नाही. आंघोळ झाल्यावर हातात तांब्या घेऊन कुठे जायचं तेच राहिलं नाही म्हणते. मी बरंच मागंपुढं केलं. शेवटी उद्यापासून रोज तिच्या लहान तांब्यात साडेसातशे मिली मोजून द्यायचं ठरवलं, तेवढं झाडाला लागतंच. ती वाकून झाडाखालच्या स्टँडच्या भांड्यात ओतणार आणि पळीभर तीर्थ म्हणून घेणार. पळी मोजली, पाच मिली. ती मी तिच्या हिशेबात धरली आहे. झाडाला द्यायच्या पाण्याला आई एरवी तोंड लावणार नाही, हे तुला सांगायला नको.

वहीत डाव्या पानावर आई आणि उजव्या पानावर झाड.

शशी

लेस्टर
रविवार, १४ डिसेंबर १९८६

दादा,

आई बरी आहे. झाडही. पहिल्या दिवशी ते दीड लिटर प्यायलं, मी स्वतः भरत होतो. आता रोज साडेसातशे. पुढच्या खोलीतला गॅस फायर बंद ठेवला आहे, उष्णतेने झाड सुकतं. खोली थंड पडते, म्हणून आई दोन शाली घेऊन बसते. पाणी घालताना दार लोटून घेते आणि वीस-पंचवीस मिनिटं आत असते. स्तोत्रं म्हणते असं वाटतं. बाहेर आल्यावर तिचं तोंड जरा मोकळं दिसतं. कराडला तुळशीपुढून उठायची तेव्हा तसं दिसायचं.

एक विचारायचं आहे. काल मशीनवर बसवण्याआधी वजन केलं तर दोन किलो सहाशे जास्त भरलं. मॉरीन, ती लाल केसांची नर्स, म्हणाली की दीड किलोच्या वर जायला नको. मी वही दाखवली. तिच्यासाठीच मी आकडे इंग्रजीत लिहितो. तिने दोन पानं वाचली आणि म्हणाली, "तुझं अक्षर फार सुंदर आहे, लव्ह. पण वजनकाट्याला वाचता येत नाही."

मला ते लागलं. एकही घोट माझ्या नजरेआड गेलेला नाही. काटा तपासून बघा असं मी म्हटलं. तिने स्वतः काट्यावर उभी राहून दाखवलं.

घरी येताना आईला विचारलं, कुठे काही प्यायलीस का? ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "तुझ्या वहीला एकदा तहान लागू दे. मग मला विचार."

घराजवळ आल्यावर म्हणाली, "उल्काला माव्याची बर्फी आवडते का रे? का आता चॉकलेटच लागतं?" तेवढं कळव.

शशी

लेस्टर
रविवार, २१ डिसेंबर १९८६

दादा,

गुरुवारी फोनवर तू जे बोललास त्यावर मी तेव्हा नुसती वहीची शपथ घेतली, बाकीचं राहून गेलं. आता लिहितो. इथल्या शाळेत मी एकही परीक्षा पास झालो नाही हे खरं आहे. चौदाव्या वर्षी आणून वर्गात बसवलं तेव्हा मला "मे आय" एवढंच येत होतं. पण शंभर मिली म्हणजे काय हे मला कळतं. होजिअरीच्या कारखान्यात मी चार वर्षं सुताचं वजन केलं, तिथून माणसं कमी केली तेव्हा काढलं, चुका केल्या म्हणून नाही. मी आईला चोरून पाणी देतो असं तू म्हणालास. वहीत जे आहे तेच मी तिच्या हातात दिलं आहे.

काल वजन तीन किलो चारशे जास्त होतं. मॉरीनने मला बाजूला घेतलं. "कुठूनतरी जातंय तिच्या पोटात. तुझ्या आईला रागावत नाहीये मी. ही तहान भयंकर असते, आमच्याकडे एकजण फुलदाणीतलं पाणी प्यायला होता. घरातल्या भांड्यांकडे बघ. झाडांच्या कुंड्यांकडे बघ." मी म्हटलं, आमच्या घरी कुंड्या नाहीत.

नाताळामुळे गुरुवारची पाळी बुधवारी चोवीसला घेतली आहे. त्यानंतर एकदम शनिवारी सत्तावीसला. मधे दोन दिवस पूर्ण जातील, तेव्हा पाणी काटेकोर ठेवा असं मॉरीनने तीनदा सांगितलं आणि कागदावरही लिहून दिलं.

झाडाच्या सुया थोड्या गळतात. रोज सकाळी झाडून घेतो. पाणी चालू आहे. दिवे लावले आहेत, त्यात एक दिवा उडालेला होता तो बदलला. उल्काला कचरा दिसणार नाही.

खर्च: झाड ६.५०, स्टँड ४.२५, दिवे ५.९९, उल्कासाठी चॉकलेटं ३.२०. झाडाचं किरकोळ सामान २.७५. तू पाठवलेल्या चाळीसातून.

गुरुवारी किती वाजता पोहोचाल? आई विचारते आहे. दिवसातून बऱ्याच वेळा विचारते.

शशी

लेस्टर
रविवार, ४ जानेवारी १९८७

दादा,

तुम्ही गेल्यापासून घरात फोन वाजला नाही. हिशेबातले उरलेले १७ पाउंड ३१ पेन्स पोस्टल ऑर्डरने पाठवले आहेत. आईच्या गोळ्या फार्मसीत परत केल्या. अस्थींचा डबा देवांच्या फळीवर ठेवला आहे. तू गोदावरीवर नेणार आहेस का मी थांबू, ते कळव.

काल झाड उतरवलं. दाराबाहेर नेईपर्यंत त्याच्या जवळजवळ काड्याच झाल्या. कौन्सिलची गाडी बुधवारी नेते.

तू पाठवलेला तक्रारीचा कागद वाचला. तुझं म्हणणं असं की वहीप्रमाणे आईच्या पोटात रोज पाचशेच जात होतं, म्हणजे वजन वाढायला कारण नव्हतं. म्हणजे एकतर वजनं चुकीची लिहिली, किंवा मशीनने पाणी पुरेसं काढलं नाही, आणि चोवीस तारखेला मॉरीनने तीन लिटर काढून सोडून दिलं. शेवटी माझ्या सहीसाठी जागा आहे. नऊ फेब्रुवारीला हॉस्पिटलमध्ये चौकशी आहे, तोपर्यंत सही आणि वही पाठवायची.

चोवीस तारखेला मी तिथे होतो. रक्तदाब खाली आला म्हणून तीनवर थांबले. डॉक्टरही आले होते. ते तुझ्या कागदात नाही, म्हणून लिहिलं.

मला पंचवीस तारीख आठवते. तुम्ही साडेबाराला आलात. आईने नवी साडी नेसली होती, पाय शालीत गुंडाळून बसली होती. तू पाय बघायला वाकलास तेव्हा ती म्हणाली, "सणाला माझे पाय काय बघतोस? पाया पड आणि ऊठ." सगळे हसलो. तिने उल्काला मांडीजवळ घेतलं आणि झाडावरचे दिवे चालू-बंद करायला लावले. उल्का म्हणाली, "आजी, ट्री इतकी ओल्ड का झाला?" आई म्हणाली, "माझ्याबरोबर राहिला ना."

मग तू आणि मी स्वयंपाकघरात वही बघत होतो, तेव्हा उल्का पळत आली. तिचं वाक्य मला जसंच्या तसं आठवतं. "डॅडी, आजी ट्रीचा पाणी पिते. मी बघितली. पॉटमधून. सगळा."

तू म्हणालास, "उल्का, गोष्टी रचायच्या नाहीत."

ती म्हणाली, "आय'म नॉट!"

आई आतून ओरडली, "तीर्थ गं ते, माझे बाई! तीर्थ!"

तेव्हा वहिनीही हसल्या. तू म्हणालास की हिला मराठी शाळेत घालायला हवं, तीर्थ म्हणजे काय ते तरी कळेल. उल्का रडकुंडीला आली होती. तू तिला सॉरी म्हणायला लावलंस. ती आजीला सॉरी म्हणाली. पाच वाजता तुम्ही निघालात.

सव्वीसला सकाळी आईला आडवं पडता येईना. अकराला धाप लागली, मी ९९९ ला फोन केला. ॲम्ब्युलन्स चौदा मिनिटांत आली. चार वाजून वीस मिनिटांनी आई गेली. हे तुला माहीत आहे.

वहीतले आकडे माझ्या हातचे आहेत. सहीचं पुढच्या पत्रात कळवतो.

शशी

लेस्टर
रविवार, १८ जानेवारी १९८७

दादा,

बर्फामुळे पोस्ट उशिरा येते आहे, तुझी दोन्ही पत्रं एकदम मिळाली. सहीला वेळ का लागतो आहे असं विचारलंस. कागद नीट समजून घेतो आहे.

एक सुधारणा करायची आहे. तीर्थाची पळी मी रोज एकच धरली होती. कधी दोन झाल्या असतील. कधी तीनही. मी आत नसायचो. त्याने फार फरक पडत नाही असं तू म्हणशील आणि ते बरोबरच आहे, तीन पळ्या म्हणजे पंधरा मिली. पण लिहून ठेवलेलं बरं.

शुक्रवारी मार्केटमध्ये मॉरीन भेटली. चौकशी होईपर्यंत तिला मशीनच्या कामावरून काढून कागदपत्रांच्या खोलीत बसवलं आहे. तिने मला बघितलं. मी बटाट्यांच्या मागे जाणार होतो, पण तीच पुढे आली. मला वाटलं, भांडेल. ती म्हणाली, "तुझ्या आईचं फार वाईट वाटलं, लव्ह. विनोदी बाई होती. मला विचारायची, मशीनमध्ये माझं काढलेलं पाणी कुठे जातं, परत मिळेल का?"

मग म्हणाली, "तू खातोयस ना नीट?"

मी बटाटे न घेताच घरी आलो.

दादा, तक्रार मागे घेतली तर तुझं काही नुकसान होईल का? फक्त विचारतो आहे.

शशी

लेस्टर
रविवार, १ फेब्रुवारी १९८७

दादा,

तुझं उत्तर मिळालं. आई कशी गेली हे एक डॉक्टर म्हणून तुला माहीत आहे आणि कोणीतरी जबाबदार आहे, माझ्यासारख्या भित्र्या माणसामुळे मॉरीनला सोडणार नाहीस, असं तू लिहिलंस. कोणीतरी जबाबदार आहे हे बरोबर आहे.

एकोणीस डिसेंबर, शुक्रवार. आई आंघोळीला गेली होती. खाली सुयांचा थर पडला होता आणि मला मिस्टर पेगचं बोलणं आठवलं. मी तिची स्वेटर विणायची सुई घेतली आणि स्टँडमधलं पाणी किती आहे ते बघायला आत घातली. सुई कोरडी आली. मी पोटावर आडवा होऊन बघितलं. स्टँडच्या तळाला धूळ होती, आणि वाळक्या सुया. ओल नव्हती. बुडाच्या कापावर चीक वाळून काचेसारखा झाला होता. त्या झाडाला निदान तीन दिवस थेंब मिळाला नव्हता, कदाचित जास्त. आणि माझ्या वहीत उजव्या पानावर रोज साडेसातशे होते.

मी उठलो तेव्हा आई दारात होती. केस ओले, हातात रिकामा तांब्या. माझ्या हातातली सुई तिने बघितली. मीही तिच्याकडे बघितलं. तिने सबब सांगितली नाही, रडली नाही. रिकामा तांब्या पुढे करून म्हणाली, "झाडाला आज द्यायचं ना?"

मी तांब्या भरून दिला. ती आत गेली. मी दार लोटलं.

तू म्हणशील, त्याच दिवशी फोन का केला नाही. आदल्याच दिवशी तू मला चोर म्हणाला होतास, आणि मी वहीची शपथ घेतली होती. हे एक कारण आहे, पण ते लहान आहे.

तू तिची जीभ बघितली नाहीस. बोलताना ती टाळ्याला चिकटायची आणि सुटताना आवाज व्हायचा. पावसात बसस्टॉपवर ती तोंड वर करून उभी राहायची आणि मी छत्री धरायचो, ती थेंबांसाठी वर बघते आहे हे माहीत असून. आठ महिने मी तिच्यापुढे पाण्याचा जग घेऊन उभा होतो. खोलीत आलो की ती आधी माझ्या हाताकडे बघायची. माझ्या तोंडाकडे बघणं तिने सोडून दिलं होतं. त्या शुक्रवारनंतर सात दिवस ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मला शेजारी बसवून कराडच्या गोष्टी सांगितल्या. तू पोहायला शिकताना कसा रडलास तेही सांगितलं. ते सात दिवस मला हवे होते. तिच्यासाठी केलं असं मी लिहिणार होतो, पण तेवढंच खरं नाही.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, ती मशीनवर होती तेव्हा मी बेलग्रेव्ह रोडला गेलो आणि भांड्यांच्या दुकानातून दीड लिटरचा तांब्या घेतला. तिच्या अंगातलं पाणी ते काढत होते त्याच वेळी मी ते परत भरायला भांडं विकत घेत होतो. परत आलो तर मॉरीन मला बाजूला घेऊन कुंड्यांकडे बघ म्हणाली. कुंड्या नाहीत असं मी म्हटलं. ते मी तुला एकवीसच्या पत्रात लिहिलंही. तेव्हा पिशवी माझ्या हातात होती.

एकोणीसपासून झाडाच्या पानावरचे सगळे आकडे आईचे आहेत. वीसला संध्याकाळी घरी आल्यावर नवा तांब्या तिला दाखवला. तिने तो हातात तोलून बघितला आणि म्हणाली, "एवढा मोठा?" मी म्हटलं, "झाड सुकतंय." ती म्हणाली, "हो. सुकतंय खरं."

सव्वीसचं मी तुला अर्धं लिहिलं. आठ वाजून दहा मिनिटांनी तिने मला हाक मारली. उशांना टेकून बसली होती, ओठ निळे दिसत होते. मला दिसत होते. म्हणाली, "झाडाचं पाणी राहिलं रे." तिला पुढच्या खोलीपर्यंत चालवणार नव्हतं. मी तांब्या भरून बिछान्याजवळ आणला. त्या दिवशी पळी नव्हती आणि दार लोटलं नव्हतं. तिला तांब्या उचलवेना म्हणून तो मी धरला. ती थांबत थांबत प्यायली. मधे एकदा तोंड बाजूला करून म्हणाली, "गार आहे."

निम्म्याहून जास्त गेलं. ते वहीत कुठेच नाही. सव्वीसच्या पानावर नऊशे लिही.

मॉरीनने जे सांगायचं ते प्रत्येक वेळी सांगितलं होतं. वजनं बरोबर होती. ह्याच मजकुराचं इंग्रजी पत्र मी काल हॉस्पिटलला रेकॉर्डेड डिलिव्हरीने पाठवलं, स्पेलिंग लायब्ररीतल्या बाईंकडून तपासून घेतलं. त्या वाचत असताना मी बाहेर उभा होतो. तुझा कागद सही न करता सोबत परत पाठवतो आहे. वही आणि तांब्याच्या दुकानाची पावतीही आहे, तिच्यावर तारीख आहे. माझं काय करायचं ते तू आणि ते ठरवा. मी ह्याच पत्त्यावर आहे.

उल्काला सांग की तिने बघितलं ते खरं होतं. हे मात्र पत्रातून नको, जवळ बसवून सांग. आणि सॉरी आपण म्हणायला हवं होतं, हेही.

डिसेंबरचा हिशेब दुरुस्त करून लिहितो.

तुझ्याकडून आले: ४०.००
झाड: ६.५०
स्टँड: ४.२५
दिवे: ५.९९
उल्काची चॉकलेटं (ती टेबलावरच राहिली): ३.२०
खर्च: १९.९४
शिल्लक: २०.०६
पैकी ४ जानेवारीला पाठवले: १७.३१

राहिले २.७५. "झाडाचं किरकोळ सामान" म्हणून लावले होते ते हेच, तांब्याचे. ती ओळ मी खोडली आहे. तो खर्च माझा आहे, तुझ्या नावावर नको. एवढे मी तुला देणं लागतो. पोस्टल ऑर्डर सोबत आहे. मिळाल्याची पोच दे.

शशी